बप्पांनी बसवलेला पहारा

अन्याय स्वातीवर झाला. वय पंधरा, इयत्ता दहावी. कधी झाला तेही माझ्या वहीत लिहिलेलं आहे: दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी, दुपारी साडेचार वाजता, भर गल्लीत. करणारे बप्पा. बाजेवर बसून त्यांनी दोन फोन मांडीवर घेतले, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि पोरीच्या फोनला पालक-नियंत्रण बसवायला घेतलं. मी समोरच्या ओट्यावर होते. साक्षीदार मीच.

मी पत्रकं काढते. शाळा सोडायला लावलेल्या मुली, त्यांची घाईघाईत उरकलेली लग्नं, हा माझा विषय. गल्ली मला पुढारीण म्हणते, तोंडावर आणि पाठीमागेही. आमचं गाव नेकनूरपासून बसनं अर्ध्या तासावर आहे, एवढंच सांगते. नावं बदललेली आहेत. का बदलली ते शेवटी कळेल.

आधी बप्पा कोण ते सांगते. आमच्या दाराला दार लावून राहणारे, बायको वारलेले, सत्तरीच्या घरातले गृहस्थ. सगळी हयात सिरसाळ्याकडं एका जिनिंगवर काट्याला गेली, म्हणजे कापसाच्या गाड्या वजन करून घ्यायच्या. कापूस भिजवून आणलाय का, गाठोड्यात मधे धोंडा घातलाय का, हे बघायला ते कोपरापर्यंत हात आत खुपसत. नोकरी सुटली, हात काही थांबला नाही. दुकानात गेले की ज्वारीच्या पोत्यात हात. लग्नात पंगतीला बसले की वाढप्याच्या हातातला डाव घेऊन स्वतः वरणाच्या बादलीत तळापर्यंत घालणार. विचारलं तर उत्तर ठरलेलं. "वरचं समदे दाखवतेत. बुडातलं बघावं."

बसमध्ये चढताना ते आधी पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, मग एखाद्या प्रवाशाला. एकदा तर त्यांनी ड्रायव्हरला खिडकीतून विचारलं होतं, "गाडी नेकनूरला चाललीय ते कळलं, पर तुमी सोता चाललात का?" ड्रायव्हर हसला. बप्पा हसले नाहीत. ड्रायव्हर बदलतात, त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

दूधवाल्याच्या मापाला त्यांनी आतून खूण केलेली आहे. घराला कुलूप लावून ते कोपऱ्यापर्यंत जातात, परत येतात, कुलूप ओढून बघतात आणि मग मला सांगतात, "लावलंय गं मी. तूबी बघून ठेव." स्वतःच्या डोळ्यांवरही ज्याचा भरोसा नाही, असा माणूस पोरीच्या फोनवर बसला तर काय होईल? मला हाच घोर लागला.

स्वाती ही बप्पांच्या पुतण्याची, दत्ताची मुलगी. दत्ता आणि त्याची बायको दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. पोरगी बप्पांकडं ठेवली. जाण्याआधी नांदूरघाटाकडून एक स्थळ आलं होतं. लग्न उरकून तोडीला जायचं, म्हणजे मागं घोर नको, हा आमच्याकडचा रिवाज. ते स्थळ दत्तानं ठेवून घेतलं, नाही म्हणाला नाही. दहावी होईपर्यंत थांबतो म्हणाला, पण पोरीबद्दल कानावर एक शब्द जरी आला तरी मधूनच येऊन लग्न लावणार, हे सगळ्या गल्लीसमोर बोलून गेला. आणि जाताना पोरीला फोन मात्र द्यावाच लागला. आईची खुशाली त्याच्यावर, शाळेचा अभ्यासही त्याच्यावर.

फोन बप्पांनीच बीडहून आणले, एक पोरीला, एक स्वतःला. दोन. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, एकाच तपकिरी कव्हरातले. का, तर एक फोन खोटी वेळ दाखवायला लागला तर दुसऱ्यावर धरता येईल.

आता तो सोमवार. फोन मराठीत प्रश्न विचारत होता, स्वाती वाचून दाखवत होती आणि बप्पा प्रत्येक प्रश्नाला उलटा प्रश्न विचारत होते. अटी मान्य आहेत का? कुणाच्या अटी? ठिकाण कळू द्यायचं का? कुणाला कळणार? असं करता करता पालकाची जन्मतारीख आली. बप्पा म्हणाले, एक जून. मग पाल्याची आली. स्वाती म्हणाली, एक जून. बप्पांचं बोट थांबलं.

आमच्याकडं यात नवल काही नाही. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. पण फोनला हे कसं माहीत असणार, याची बप्पांना काळजी. आजा आणि नात एकाच तारखेचे म्हटल्यावर त्याला शक येईल आणि तो दोघांनाही लबाड ठरवील. त्यांनी दोन्ही फोन खाली ठेवले, आधार कार्ड आणायला आत गेले, बाहेर आले, फोन पुन्हा उचलले. स्वाती तेवढ्यात चहा टाकायला उठली होती. पुढचं त्यांनी एकट्यानं उरकलं. मग दत्ताला फोन लावून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, कंट्रोल बसवलाय, जिम्मा माझा.

त्या दिवसापासून मी पाळत ठेवली. होय, पाळत ठेवणाऱ्यावर पाळत. आमच्या भागात हे असंच चालतं: आधी फोन तपासायचा, मग एखादा नंबर सापडतो, मग बोभाटा, मग हळद. बप्पा दत्ताचे हेर आहेत, याबद्दल मला शंकाच उरली नव्हती. रोज संध्याकाळी आठच्या सुमारास ते फोन घेऊन स्वातीपाशी जात, दोघं हळू काहीतरी बोलत आणि ते पुन्हा बाजेवर येऊन पडद्याकडं टक लावून बसत. चेहरा गंभीर. बोटानं काहीतरी वर सरकवायचं, थांबायचं, पुन्हा खाली आणायचं. मी वहीत लिहिलं: रोज अहवाल वाचतात.

महिनाभर असं चाललं. मग मी पत्रक लिहिलं, कच्चा खर्डा हातात घेतला आणि रविवारी सकाळी त्यांच्या दारात उभी राहिले. पोरीचा अहवाल मला दाखवा म्हटलं. त्यांनी माझ्याकडं, माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं.

"माझ्याकडं न्हाई तेव," बप्पा म्हणाले. "हिच्याकडं हाय. हिला इचार."

स्वाती भाकरी थापत होती. पिठाचे हात पुसून तिनं तिचा फोन माझ्यापुढं धरला. वर लिहिलं होतं, पाल्य. आणि त्याखाली नाव होतं बप्पांचं.

मला समजायला वेळ लागला. त्या सोमवारी आधार कार्डाच्या गडबडीत फोनांची अदलाबदल झाली होती. तारखा बरोबर टाकल्या, वर्षं बरोबर टाकली, फोन उलटे धरले. सत्तरीचा माणूस पाल्य झाला होता आणि दहावीतली पोरगी त्याची पालक. बप्पा बाजाराला गेले की नकाशावर स्वातीला दिसायचे. फोनात काही नवीन घ्यायचं तर स्वातीची परवानगी. आठ वाजले की बप्पांचा फोन त्यांना झोपायला सांगून बंद व्हायचा. दुसऱ्याच संध्याकाळी हे स्वातीच्या लक्षात आलं होतं. हसून हसून तिच्या पोटात दुखलं म्हणे. पाच मिनिटांत उलटं सुलट करून देते म्हणाली, तर बप्पांनी नको म्हणून सांगितलं.

मला अजून संशयाचा वास येत होता. अहवाल मी बोटानं खाली ओढला. रोज पाऊण तास, कधी तास, व्हॉट्सॲप. मी विचारलं, एवढा वेळ कुणाशी बोलता? स्वाती म्हणाली, कुणाशीच न्हाई, ताई. मंगलआत्याचं स्टेटस बघतेत.

मंगल बप्पांची एकुलती एक मुलगी. ती गल्लीत कधी येत नाही एवढंच मला माहीत होतं. बाकीचं बप्पांनी सांगितलं, माझ्याकडं न बघता, बाजेची दोरी ओढत. मंगल नववीत होती तेव्हा तिच्या दप्तरात एक चिठ्ठी सापडली. "वही दे, कुणाला सांगू नको" एवढं त्यांनी वाचलं. महिन्यात लग्न लावून दिलं. वर्षभरानं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, चिठ्ठी माझी होती. भूमितीची वही हवी होती, आणि बाईंनी नक्कल करायला बंदी घातलेली. आता मंगल त्यांचा फोन उचलत नाही. त्यांचा नंबर मात्र तिनं ठेवलाय, म्हणून स्टेटस दिसतं. कधी पोरांचे फोटो, कधी तिनं घातलेली रांगोळी.

"मग स्वातीचा फोन तरी नीट बघायचा," मी म्हटलं. एवढं ऐकूनही मी हे म्हटलं. मला माझीच लाज वाटते.

"कावून बघू? दत्ताला कंट्रोल हाय म्हनून सांगितलंय, तेव हाय. कुनावर हाय तेनं इचारलं न्हाई." त्यांनी बाजेची दोरी पुन्हा ओढली. "बघायला मिळालं की मी बघत बसनार, पोरी. आन मी बघितलं की मला शक येनार. माजी जातच तशी. एका पोरीला माज्या नजरंनं खाल्लं. हिच्या फोनात माजी नजर नगं."

स्वाती भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणाली की आत्यानं नवा फोटो टाकलेला दिसला तर ती बप्पांना अर्धा तास वाढवून देते. मागावा लागत नाही. कालचेच फोटो असले तर मात्र पंधरा मिनिटं, कारण मग ते तेच तेच बघत बसतात आणि जेवत नाहीत.

पत्रकाचा खर्डा माझ्या हातात तसाच होता. त्यात बप्पांचं नाव आरोपी म्हणून होतं, ते मी खोडलं. आरोप मागे घेतला असं मात्र समजू नका. मंगलवर अन्याय झाला, नववीत, बप्पांनीच केला, आणि हे ते स्वतःच सांगतात. मी तो इथं छापते आहे, त्यांना विचारून. छाप म्हणाले. फक्त मंगलचं खरं नाव घालू नको म्हणाले, तिच्या सासरी वाचतील.

आता तुमच्याशी बोलायचं आहे. स्वातीची परीक्षा मार्चमध्ये आहे. दत्ताची टोळी त्याच सुमाराला परतते. नांदूरघाटचं स्थळ अजून थांबलेलं आहे, त्यांचा निरोप मागच्या आठवड्यात येऊन गेला. तुम्ही नेकनूरच्या आसपासचे असाल तर हे घर एव्हाना ओळखलं असेल, आणि नावं बदलून मी काही फार लपवलेलं नाही हेही मला कळतं. तुमच्यातला एखादा उसाच्या फडावर दत्ताशेजारी कोयता चालवत असेल आणि त्याला हसत हसत सांगेल की तुझ्या चुलत्याला तुझी पोरगी झोपायला लावते. सांगणाऱ्याला ती गंमत वाटेल. पोरीची दहावी त्यात जाईल.

माझा तुमच्यावर भरोसा नाही, तरी लिहिते आहे. शेवटचा पेपर होईपर्यंत हे घरात बोलू नका, चावडीवर बोलू नका, फोनवर तर बोलूच नका. आणि दत्तानं पोरगी काय करतेय असं विचारलं, तर अभ्यास करतेय म्हणून सांगा.