रविवारी पेरणी, सोमवारी पाहणी

सोमवारी सकाळी आमच्या गल्लीतली ख्रिस्ती मंडळी घरात सापडत नसत. एरवी आठ-आठ वाजेपर्यंत ओट्यावर दात घासत बसणारा लाजर त्या दिवशी उजाडताच कापसाच्या जिनिंग प्रेसवर हजर व्हायचा. बायका कपड्यांचे पिळे घेऊन नदीवर जायच्या, घरी नळाला पाणी असूनही. मी शिरपूरला नवी होते तेव्हा मला वाटलं, यांच्यात सोमवारी काहीतरी व्रत असावं. मग गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटा वाजली आणि पलीकडच्या घरातून कुणीतरी कुजबुजलं, "बागुलबुवा आला!"

हे बागुलबुवा म्हणजे योहान बागुल, आमच्या गल्लीतल्या छोट्या चर्चचे पाळक. उंच, काटकुळे, बाराही महिने सायकलच्या दांडीला छत्री बांधलेली. मूळचे पिंपळनेरकडचे. सगळे त्यांना नाना म्हणत. इतर पाळक रविवारी उपदेश करतात आणि मोकळे होतात. नाना सोमवारी दारोदार जाऊन त्या उपदेशाचं काय झालं ते बघत. "रविवारी पेरणी, सोमवारी पाहणी," असं ते म्हणत. दारात उभं राहायचं, छत्रीची मूठ हनुवटीला टेकवायची आणि विचारायचं, "मंग? काय करं?"

म्हणजे, काल जे ऐकलंत त्यातलं काय केलंत?

एका सोमवारी ते माझ्या दारातही आले. मी म्हटलं, "नाना, मी तुमच्या मंडळीतली नाही हो. आमच्या घरी देव्हारा आहे."

"काल ओट्यावर बसून ऐकी राह्यन्यात ना?"

ते खरं होतं. चर्चची भिंत आणि माझा ओटा यांच्यात हातभराचं अंतर, आणि नानांच्या आवाजाला कर्ण्याची गरज नव्हती.

"आवाज येतो, त्याला मी काय करणार?"

"कान शेतस ना? मंग तुम्हलेबी लागू," म्हणाले आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. आदल्या दिवशीचा पाठ शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा होता. मी मुकाट्याने आत गेले आणि लाजरच्या बायकोची महिनाभर दडपून ठेवलेली परात परत देऊन आले.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. चौकसपणा हा आमच्या धंद्यातला रोग, आणि मला तो नोकरीच्या आधीपासूनच होता. त्यामुळे या माणसाचं मला भारी नवल वाटायचं, आणि सोमवारी सगळी गल्ली ओस पडली तरी मी मात्र मुद्दाम घरी थांबायचे.

नानांचा दुसरा नियम पहिल्यापेक्षा कठीण होता. एक पाठ लोकांच्या हातून घडल्याशिवाय ते पुढचा घेत नसत. आजाऱ्यांना भेटण्याचा पाठ असाच रविवारमागून रविवार चालला होता, कारण सरकारी दवाखान्यात पडलेल्या मार्थाअक्कांना कोणीच भेटायला जात नव्हतं. अक्का गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आणि सगळ्यात तिखट, त्यामुळे जो तो दुसऱ्याला पुढे करत होता. शेवटी तोच उपदेश ऐकून कंटाळलेली अख्खी मंडळी एका दुपारी एकदम दवाखान्यात जाऊन धडकली. कोणी शिरा आणला, कोणी केळी आणली, एकाने तर पेटी आणून गाणं सुरू केलं. नर्सबाईंनी सगळ्यांना हाकलून लावलं, पण तोवर अक्कांना घाम फुटला होता. सोमवारी नाना विचारायला गेले तेव्हा अक्कांनी खाटेवरूनच हात जोडले. "नाना, मन्हा जीव गया तरी चाली, पन तुम्हना पाठ आते पुढे सरकू द्या!"

पाठ पुढे सरकला आणि परक्याला आसरा देण्यावर आला. तेव्हा लाजरने एस.टी. स्टँडवरून एक परका माणूस जवळजवळ ओढूनच घरी आणला. तो बिचारा "मला जायचंय, मला जायचंय" म्हणत होता, आणि लाजरला वाटत होतं की हा संकोच करतोय. लाजरने त्याला शेवभाजी खाऊ घातली, खाटेवर निजवलं, बाहेरून कडी लावून घेतली. नानांनी कडी काढली तेव्हा उलगडा झाला. तो दोंडाईच्याचा मुलगा मुलगी बघायला निघाला होता आणि तिकडे मुलीकडचे कांदेपोहे करून बसले होते. नानांनी त्याला सायकलवर मागे बसवलं, मुलीच्या घरी नेलं आणि हात जोडून सांगितलं, "चूक त्याची नाही. शिकवण माझी, घाई आमच्या लाजरची." पुढे ते लग्न जमलं. लाजर आजही सांगतो की ते त्याने जमवलं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून काही तरुण नानांकडे उपदेशक व्हायला शिकायला येत. चर्चमागच्या कडुनिंबाखाली वर्ग भरे. एखादा घडाघडा वचनं म्हणायला लागला की नाना त्याला मध्येच थांबवत. "म्हनी नको दखाडू, करी दखाड." म्हणजे, म्हणून नको, करून दाखव. मग त्या मुलाला अक्कांच्या घरचं पाणी भरावं लागे आणि शिवाय अक्कांचं बोलणंही ऐकून घ्यावं लागे. नानांच्या मते खरी परीक्षा दुसऱ्या भागात होती.

एकदा मी गमतीत विचारलं, "नाना, तुम्ही सगळ्यांना विचारता. तुम्हाला कोण विचारतं हो, काय केलं म्हणून?"

कोणत्याही प्रश्नाला तयार उत्तर असणारा हा माणूस त्या वेळी छत्रीचा पट्टा सोडून पुन्हा बांधत बसला. नानांना बायको नव्हती, लग्नच केलं नव्हतं. घरी एक चूल आणि एक मांजर. त्या मांजरालाही बहुधा सोमवारी विचारत असतील, असं मला तेव्हा वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र एक्स्चेंजमध्ये बसल्यामुळे मला कळत होती. दर सोमवारी पाहणी आटोपली की नाना आमच्याकडे येऊन पाचोऱ्याला ट्रंक कॉल लावत. तोही पी.पी. कॉल, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावून आणायचा. माणसाचं नाव याकोब बागुल. फोन त्याच्या घराजवळच्या किराणा दुकानातला. लाइन लागे, पलीकडून "हॅलो" येई, आणि नाना रिसीव्हर ठेवून देत. "आवाज नीट येत नाही, ताई. राहू द्या."

आता लाइन नीट आहे की नाही हे मला कळत नसेल? पलीकडचा माणूस खोकला तरी कानात ऐकू येत होता. पण मी कॉलचे पैसे घेऊन पावती फाडून द्यायचे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता धुळ्याहून चर्चच्या कार्यालयातले मोठे साहेब जीपने आले. त्यांनी विचारलं, "वर्षभरात किती पाठ झाले?"

"तीन," नाना म्हणाले. "तिसरा आजून चालू शे."

साहेब सज्जन होते, पण त्यांना घाम फुटला. बाकीच्या चर्चमधून दर रविवारी नवा पाठ होत होता. त्यांनी नानांच्या हाती एक छापील पत्रक दिलं आणि समजावलं की यापुढे सगळीकडे एकाच क्रमाने शिकवायचं. पुढच्या महिन्यात ते स्वतः उपासनेला येऊन बसणार होते. ते जमलं नाही तर नानांना धुळ्याच्या कार्यालयात बसावं लागणार होतं, कागदांपाशी. मंडळी नाही, पाहणी नाही.

साहेब ज्या रविवारी येणार होते, त्या रविवारचा पाठ होता भावाशी समेट करण्याचा. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाचं मन तुझ्यामुळे दुखलंय, तर दान तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. लाजर म्हणाला, "हा पाठ नानांनी कधीच घेतला नाही. मी लहानपणापासून इथं आहे."

त्याच्या आधीच्या सोमवारी नाना फोनला आले. "हॅलो" ऐकलं, रिसीव्हर ठेवला. मला राहवलं नाही. "नाना, लाइन स्वच्छ होती," मी म्हटलं.

ते बाकावर बसले. मग थांबत थांबत बोलले. याकोब त्यांचा थोरला भाऊ, रेल्वेत नोकरीला. वडील पिंपळनेरला अखेरच्या दुखण्यात पडले तेव्हा नाना सातपुड्यातल्या एका पाड्यावर शिकवत होते. निरोप आला. नाना म्हणाले, एवढा पाठ संपवतो आणि निघतो. पाठ संपला तोवर एस.टी. गेली होती. दुसऱ्या दिवशी पोहोचले तर माती झालेली. आणि नानांनी भावाला काय विचारलं, तर माझ्याशिवाय प्रार्थना कोणी म्हटली?

"याकोब म्हने, प्रार्थना नंतरनी. बापले शेवटलं पानी कोनी पाजं ते इचार. मी म्हनं, मी देवना कामवर व्हतू. तो म्हने, बाप काय देवना बाहेरना व्हता का?"

मी विचारलं, "आणि त्या दिवशी पाड्यावर पाठ कोणता चालू होता?"

"आईबापाचा मान राखा," नाना म्हणाले, अगदी शुद्ध मराठीत, व्यासपीठावरून बोलावं तसं.

तेव्हा मला त्यांच्या सोमवारांचा उलगडा झाला. त्या दिवसापासून त्यांना स्वतःच्या जिभेची भीती बसली होती. बोललेलं घडलं की नाही हे ते जन्मभर दारोदार विचारत फिरत होते, आणि एका दारात जायचं तेवढं राहून गेलं होतं.

"मग फोन कशाला करता?"

"हॅलो म्हनस ना तो. खोकला कमी शे का ते समजस."

"आणि बोलत का नाही?"

"मी कोण शे ते त्याले समजी गयं तर तो फोन घेवाले येवाव नही."

मी कपाळावर हात मारला. अहो, ट्रंक कॉल कुठून आलाय हे आम्ही आधी सांगतो! पाचोऱ्याची ऑपरेटर दर सोमवारी "शिरपूरहून फोन आहे" असं सांगूनच जोडून द्यायची. तिनेच मला मागे सांगितलं होतं की या बागुलांना बोलवायला कोणाला पाठवावं लागत नाही, ते सोमवारी आधीच दुकानात येऊन बसलेले असतात. हे मी नानांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "बसेल ऱ्हास? आधीच?" मग सायकल तिथंच विसरून, छत्री तेवढी घेऊन चालत घरी गेले. पुढचा कॉल मी चुकीच्या गावाला जोडला.

त्या रविवारी मी ओट्यावर न बसता सरळ चर्चच्या खिडकीत जाऊन उभी राहिले. पहिल्या बाकावर साहेब. नाना उठले, पाठ वाचला आणि पुस्तक मिटलं.

"हा पाठ मला शिकवता येत नाही," ते म्हणाले. "मी तो केलेला नाही."

त्यांनी दानाचं ताट वेदीपाशी ठेवलं, छत्री घेतली, मधल्या वाटेने चालत बाहेर पडले आणि स्टँडच्या दिशेने गेले. पाचोऱ्याला धुळ्यावरून जावं लागे, आणि त्या गाडीची वेळ झाली होती.

आत साहेब उठायला लागले तेव्हा मार्थाअक्का म्हणाल्या, "बसा साहेब. आशीर्वाद व्हयना नही आजून. तुम्हले भाऊ शे का कोनी?"

"आहे," साहेब दचकून म्हणाले. "नाशिकला."

"बोलनं शे का?"

साहेब पुन्हा बाकावर बसले.

"पाठ ऐकात ना तुम्ही? मंग लागू."

शेवटी साहेबांनीच आशीर्वाद देऊन उपासना संपवली. मी टेलिफोनवाली आहे हे कुणीतरी सांगितलं असावं; जीपमध्ये बसण्याआधी ते माझ्या ओट्याशी आले आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "बाई, रविवारी नाशिकचा कॉल लागतो का हो?"

सोमवारी सकाळी सायकलची घंटा वाजली नाही. सायकल आठवडाभर एक्स्चेंजच्या भिंतीलाच होती, नानांनी नेलीच नव्हती. तरी गल्लीतलं एकही दार बंद नव्हतं. लाजर प्रेसवर गेला नव्हता, बायका नदीवर गेल्या नव्हत्या. सगळे आपापल्या ओट्यावर, कोणी विचारायला येतंय का बघत बसले होते. इतकी माणसं एकदम घरी असलेला तो पहिलाच सोमवार.

मी कामावर गेले. नानांची नेहमीची वेळ झाली आणि पाचोऱ्याची लाइन वाजली. ऑपरेटर म्हणाली, "तुलाच फोन आहे गं." मी धरला तर पलीकडे नाना.

"ताई," एवढंच म्हणाले.

त्यांना काय हवंय ते मला कळलं. आयुष्यात कोणी त्यांना ते विचारलं नव्हतं. मी आवाज शक्य तेवढा करडा केला आणि विचारलं, "मंग, नाना? काय करं?"

लाइन स्वच्छ होती, मला सगळं ऐकू येत होतं. मग रिसीव्हर दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज झाला, आणि ओळखीचा खोकला.

"बाई, मी याकोब बोली ऱ्हायनू. तो काय सांगी, तो रडी ऱ्हायना. काल सांजले मन्हा घर उना, दारमा हुबा ऱ्हायना. म्हने, मन्ही चूक शे. मी म्हनं, पहिले जेव." ते जरा थांबले. "अन बाई, मन्ही गंमत दखा. आज सोमवार शे ना. सकायमा उठीसन मी सवयखाल आपला दुकानवर ईसन बसनू, शिरपूरना फोननी वाट दखत. अन हाऊ योहान मन्हा बाजूमाच बसेल शे!"