मापात न बसणारी पुस्तकं

पुस्तक घेताना लोक लेखकाचं नाव बघतात, किंमत बघतात, फार तर मधलं एखादं पान वाचतात. आमचा वसमतकर खिशातून व्हर्निअर काढून अक्षराची उंची मोजायचा. पिंपरीतल्या रद्दीवाल्याने एकदा वैतागून विचारलं होतं, "साहेब, पुस्तक घेताय का बेरिंग?"

वसमतकर आमच्या कंपनीत इन्स्पेक्शनला. मूळचा परभणीकडचा, पण चिंचवडात बिऱ्हाड करून बरीच वर्षं झालेली. दर गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, हा घरातलं कपाट रिकामं करून एकेक पुस्तक तपासायचा. अक्षर बारीक निघालं, की कंपनीत नापास मालाला लावतात तसा पुठ्ठ्यावर लाल ठिपका. "मापात बसत नाही, राव," असं म्हणून पुस्तक माझ्या पिशवीत.

मी ती का घ्यायचो? फुकट मिळायची म्हणून. शिवाय चार लोकांत रसिक म्हणवून घ्यायची मला भारी हौस. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, नाटकं, एकाहून एक सरस. त्यांनी आधी पलंगाखालची जागा घेतली, मग धान्याच्या डब्यांवरची. पाहुणे म्हणायचे, "काय निवड आहे हो तुमची!" मी विनयाने हसायचो. ही निवड म्हणजे दुसऱ्याने नाकारलेला माल, आणि त्यातलं निम्मंही मी वाचलेलं नाही, हे सांगायची मला कधी गरज वाटली नाही. बायको मात्र न विचारता सांगायची. "लोकांच्या घरी लक्ष्मी येते, आमच्याकडे रिजेक्शन."

होता होता वसमतकरच्या कपाटात उरल्या त्या मोठ्या टाइपातल्या पोथ्या आणि लहान मुलांच्या गोष्टी. घरात मूल नाही, नवराबायको दोघंच. गडी कामातून गेला, असं मी कॅन्टीनमध्ये जाहीर करून टाकलं.

एका गुरुवारी गेलो तर स्वारी खुशीत. जुन्या बाजारात नवा माल सापडला होता, अक्षरं बोराएवढी. पुस्तक वहिनींच्या हातात देऊन तो चहा टाकायला आत गेला. वहिनींनी त्यावरून हात फिरवला आणि हळूच मला विचारलं, "भावजी, नाव काय हो ह्याचं?"

नाव मला दारातूनसुद्धा वाचता आलं होतं.

"डोळे जातायत माझे," त्या म्हणाल्या. "बारीक दिसेना, म्हणून ह्यांनी मोठं हुडकायला घेतलं. आता मोठंही दिसत नाही. मी नुसती पानं उलटते. ह्यांना सांगू नका, फार जीव लावून शोधतात हो."

तेवढ्यात वसमतकर कप घेऊन आला.

"कसं आहे अक्षर?"

"अगदी स्वच्छ," वहिनी म्हणाल्या.

त्याने हातातले कप खाली ठेवले. मग त्याने पुस्तक त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"जुना कागद आहे, धूळ जाईल डोळ्यांत. आज मी वाचतो, तू ऐक."

त्याला माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. तो वाचायला लागला, मशीनचं मॅन्युअल वाचावं तसा, प्रत्येक स्वल्पविरामाशी थांबून. गोष्ट एका कोल्ह्याची होती. कोल्हा रडत होता तिथेही ह्याचा आवाज तसाच सपाट. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. इतकं वाईट वाचन मी आजवर ऐकलेलं नाही, आणि तरी मला तिथून उठवेना.

गोष्ट संपली. वहिनींनी डोळे पुसले.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हीच वाचणार असाल, तर आता जरा मोठ्या माणसांचं आणा की. अक्षर बारीक असलं तरी चालेल."

वसमतकरने पुस्तक मिटलं.

"आणतो," मीच म्हणालो.