एकोणतीस पेशंट

"एकोणतीस आहेत. सगळे फ्रीजमध्ये. अजून एकही शुद्धीवर आलेला नाही."

हे मी नोव्हाय नावाच्या अमेरिकन गावातल्या एका घराच्या जाळीच्या दारातून ऐकलं. आत कुणीतरी फोनवर बोलत होतं आणि मी बाहेर दोन सुटकेसांच्या मध्ये उभी होते. एकोणतीस म्हणजे ट्वेंटी-नाइन की थर्टी-नाइन, हे मला नेहमी थांबून मोजावं लागतं. पण इथे दहाच्या फरकाने काही सुधारणार नव्हतं. टॅक्सी निघून गेली होती. मी बेल वाजवली.

दार उघडलं ते डोक्यावर ऑपरेशन थिएटरची हिरवी टोपी घातलेल्या, माझ्या खांद्याएवढ्या उंचीच्या एका बाईंनी. मला खालपासून वरपर्यंत बघून त्यांनी विचारलं, "वजन किती? आणि शेवटचं कधी खाल्लंस?"

या नलिनीमावशी. माझ्या घरमालकीण. चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांमध्ये भूल देऊन आता निवृत्त झालेल्या. हे दोन प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात. पोस्टमनलाही. दुसऱ्याचं उत्तर 'चार तासांपूर्वी' किंवा त्याहून जुनं असेल, तर तो माणूस थालीपीठ खाल्ल्याशिवाय सुटत नाही.

फ्रीजमधले पेशंट मी त्याच संध्याकाळी पाहिले. दह्याच्या डब्यात ओली वाळू, वाळूत ब्लडरूटच्या बिया. ब्लडरूट म्हणजे इथल्या जंगलातलं, झाडांच्या सावलीत वाढणारं रोपटं. वसंतात पांढरं फूल, आणि मुळी कापली की रक्तासारखा लाल रस. इथले मूळ रहिवासी त्याचं औषध करत. "तू मात्र चाखू नकोस, तोंड भाजेल," मावशी म्हणाल्या. बी आधी उन्हाळाभर उबेत, मग हिवाळाभर थंडीत ठेवायची. मधे एकदाही सुकू द्यायची नाही. सुकली की संपली.

"झोपवणं कुणालाही जमतं," त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "उठवण्याचे पैसे घ्यायचे मी."

डब्याचा रीतसर चार्ट होता, क्लिपबोर्डवर. तापमान, ओलावा, शेरा. रोज सकाळी मावशी हातमोजे घालून वाळू चिमटीत धरून बघत आणि 'स्टेबल' असं लिहीत. मी फ्रीजमधून दूध काढताना त्या कुजबुजत, "हळू. पेशंट झोपलेत." महिन्याभरात मीही फ्रीजचं दार पाय न वाजवता उघडायला लागले.

मग दिवाळी आली. मावशी तीन दिवस शिकागोला मैत्रिणीकडे निघाल्या, देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर खरेदी करायला. जाताना क्लिपबोर्ड माझ्या हातात दिला. "ड्युटीवर तू."

आणि ऑफिसच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी श्रीखंड कबूल करून बसले होते. मी मीटिंगमध्ये सहसा बोलत नाही. एकदा बोलले ते हे. चक्का टांगायला फ्रीजमध्ये उंच जागा लागते. म्हणून मी मधला रॅक काढला, वरच्या रॅकला पंचा बांधला, आणि खालच्या रॅकवरचं सामान जिथे जागा दिसली तिथे ठेवलं. दह्याचे चार डबे होते. चारही सारखे.

श्रीखंडाचं फार कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी रॅक परत लावताना मी डबे मोजले. तीन.

चौथा खिडकीखाली होता, जमिनीतल्या हीटरच्या जाळीवर. पूर्ण दोन दिवस. श्रीखंडाच्या नादात मी क्लिपबोर्ड हातातही घेतला नव्हता. झाकण काढलं तर वाळू बोटांतून भुरभुर सांडली. मी तिथेच फरशीवर बसले. मग पाणी शिंपडलं, डबा जागेवर ठेवला, आणि चार्टवर लिहिलं, 'स्टेबल'.

मावशी परत आल्या. हातमोजे घातले, डबा उघडला, वाळू चिमटीत धरली. बराच वेळ धरली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शेवटचं कधी खाल्लंस?" त्या रात्री त्यांनी मला मऊ भात आणि मेतकूट वाढलं. पुढे थंडी संपेपर्यंत रोज सकाळी सांगायचं ठरवत होते आणि रोज गाडीत बसून ऑफिसला जात होते.

मार्चअखेर जमीन मऊ झाली. मागच्या अंगणात मेपलखाली एकोणतीस बिया पेरल्या गेल्या. प्रत्येकीशेजारी जीभ दाबून घसा बघायची लाकडी पट्टी, तिच्यावर नंबर. आणि शेजारी घडीची खुर्ची. मावशी रोज सकाळी तिथे बसायला लागल्या. कोट, टोपी, थर्मास. पलीकडच्या घरातल्या बाईंनी मला हळूच विचारलं, तिथे कुणाला पुरलंय का.

एप्रिल संपत आला. जमीन तशीच. शनिवारी मी दुसरी खुर्ची नेली.

"मावशी, रोज कशाला बसता? रोपं आली तर दिसतीलच ना."

"भूल देणाऱ्याने पेशंट डोळे उघडेपर्यंत हलायचं नसतं." जमिनीकडेच बघत त्या म्हणाल्या, "गंमत सांगू? चाळीस वर्षांत एकाही पेशंटला मी आठवत नाही. ग्रोसरीत सर्जनना हाका मारतात. माझ्या बाजूने ट्रॉली घेऊन निघून जातात. झोपताना शेवटचा चेहरा माझा, उठल्यावर पहिला माझा. पण औषधच तसं ना, दोन्ही पुसले जातात." त्यांनी टोपी सारखी केली. "म्हटलं, एकदा कुणीतरी उठावं आणि समोर दुसरं कुणी नसावं."

मावशी उठल्या. "चहा गार झाला. आणते. चार्ट भर तोवर."

मी क्लिपबोर्ड घेतला. आजचा शेरा लिहायचं सोडून पानं मागे उलटत गेले, दिवाळीपर्यंत. माझं 'स्टेबल' तिथे होतं. त्याच्याखाली, मावशींच्या त्या डॉक्टरी, वेड्यावाकड्या अक्षरात, मला जुळवून वाचावं लागलं असं काहीतरी होतं. 'वाळू सुकून पुन्हा ओली केलेली. पेशंटची आशा कमी. ड्युटीवरची मुलगी फार घाबरली आहे. तिला विचारू नये.'

म्हणजे पाच महिने त्यांना माहीत होतं. रोज सकाळी हातमोजे घालून. गेले चार आठवडे या खुर्चीत.

मी ते पान परत झाकलं आणि मान वर केली. तीन नंबरच्या पट्टीशेजारी माती उचलली गेली होती. तिच्यातून नखाएवढं, घडी घातलेलं पान बाहेर येत होतं, अजून न उघडलेलं.

मागे जाळीचं दार वाजलं. मी खुर्चीसकट घराकडे तोंड फिरवलं. मावशी दोन कप सांभाळत येत होत्या. मी कधी नाही इतक्या मोठ्याने म्हणाले, "मावशी, दिवाळीत तो डबा मी हीटरवर ठेवला होता. आणि जरा लवकर या, तीन नंबर उठतोय, मी अजून त्याच्याकडे बघितलेलं नाही."