बस्त्याव मास्तराला हार

सन २०२३. माझं वय अठ्ठ्याहत्तर. बस्त्याव मास्तराचं ऐंशीच्या पुढे. नक्की किती ते तो सांगत नाही. विक्रोळीच्या आमच्या इमारतीत नवा माणूस त्याला भेटला की समजतो, म्हातारा तंबाखू धरून बसलाय. तंबाखू नाही. सॅक्सोफोनच्या तोंडाला लागते ती बोरूची पातळ पट्टी तो गालात भिजत ठेवतो. बँकेत, दवाखान्यात, चर्चमध्येसुद्धा. एकदा रेशनवाला खेकसला, "आधी थुंकून या!" तर मास्तर म्हणतो, "थुंकू कशी मॅन? ही वाजते."

मी चौथी नापास. जन्म कारखान्यात गेला. जॅझ म्हणजे काय ते मला विचारू नका. पण मुंबईत आज जो कोणी सॅक्सोफोन गळ्यात अडकवतो तो याचा चेला, नाहीतर चेल्याचा चेला, एवढं मला ठाऊक आहे. आणि या चेल्यांचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. आमची चाळ पाडली, आम्ही सगळे पलीकडच्या इमारतीत आलो. लांब नाही, हाकेवर. पण मास्तर गेला कुठे, एकाने म्हणून चौकशी केली नाही.

मग एक दिवस फोनवर जाहिरात आली. मुलुंडला चेल्यांचा कार्यक्रम, 'बस्त्याव मास्तर: जीवन आणि वारसा'. मास्तर खूश.

"आमंत्रण कुठाय?" मी विचारलं.

"दम धर रे सावंत. सरप्राइज असेल."

डांबरगोळ्यांचा वास मारणारा काळा सूट चढवला, बूट मला पुसायला लावले, आणि निघालो.

हॉलमध्ये शिरतो तर काय, स्टेजवर मास्तराचा फोटो, फोटोला चंदनाचा हार, पुढे समई. निवेदक माइकवर सांगतोय, "मास्तर आज आपल्यात नाहीत."

नव्हताच. शेवटच्या रांगेत होता, माझ्या बाजूला.

मी ताडकन उठलो. त्याने माझा शर्ट धरून खाली ओढलं. "बस. दम धर."

"अरे मेल्या, तुला मारलंय त्यांनी!"

"वाजवून तर होऊ दे."

वाजवलं त्यांनी. मध्येच सगळे एकदम गप्प व्हायचे, मग हळूच सुरू. निवेदक म्हणाला, ही मास्तरांची ती शांतता, हिच्यात मोठं तत्त्वज्ञान आहे. मास्तर माझ्या कानाला लागला. "कसलं तत्त्वज्ञान मॅन? एक खोली. दुपारी बेबी झोपलेली असायची. थोडं वाजवायचं, थांबायचं, उठली का बघायचं. तीच सवय लागली."

बेबी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. बायको गेल्यावर बेबी म्हणाली, पप्पा, माझ्याकडे या, पण घरात वाजवायचं नाही. हा रुसला. तीही हट्टी. तेव्हापासून बोलणं बंद. आणि राहते कुठे? कॅनडात नाही, बोरिवलीत!

परतताना रिक्षात मी पेटलो होतो. "उद्या जातो आणि एकेकाची हजामत करतो. जिवंत माणसाला हार घालतात!"

"नको."

"का नको? काय लाजबिज?"

तो बाहेर बघत म्हणाला, "हे आता फोनवर सगळीकडे जाईल ना रे सावंत? बेबीलाही कोणीतरी पाठवेल. मेलो म्हटल्यावर एकदा तरी येईल ना ती?"

माझ्या तोंडात शिवी आली. ती कोणाला द्यायची तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरिवलीला गेलो. चेल्यांचं नंतर बघू म्हटलं. बेल दाबली. बेबीने दार उघडलं. हातात फोन, डोळे सुजलेले.

"सावंतकाका, मला कोणी कळवलं का नाही?"

"कळवायला काय झालंय?" मी म्हणालो. "घरी चहा टाकून बसलाय तुझा बाप. चप्पल घाल."