चार नटांचं काम

कार्ब्युरेटर बदलणं म्हणजे फक्त चार नटांचं काम, असं मी सासऱ्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं. सासरे सुतार. त्यांची पिकअप माझ्या लग्नाच्याही आधीची, आणि हल्ली जरा चढ लागला की खोकून बंद पडायची. शनिवारी दुपारी चारला तिच्यातूनच त्यांना एका गिऱ्हाइकाचं कपाट पोचवायचं होतं.

"मेकॅनिककडे टाकतो," ते म्हणाले.

"मेकॅनिक कशाला? मी आहे ना!"

सैल झालेल्या बिजागरीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला बारा वर्षं झाली, या माणसाने मला एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही! या वेळी म्हणवून घ्यायचंच, असा मी चंग बांधला.

शनिवारी सकाळी नवा कार्ब्युरेटर घेऊन मी अंगणात उतरलो. पेट्रोलची नळी काढली, केबल काढली, चार नट काढले, जुना कार्ब्युरेटर बाहेर! खाली इंजिनात जाणारं भोक उघडं पडलं. त्यात एखादा नट पडला तर इंजिनाचे बारा वाजतात, एवढं मलाही कळतं. जवळ फडकं नव्हतं. मग मी पायातला मोजा काढून भोकात कोंबला आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झालो.

तेवढ्यात बायकोने खिडकीतून हाक मारली. "अहो, बाबांचा फोन! झालं का, विचारतायत."

"झालंच म्हणून सांग!"

आता बोललो म्हटल्यावर करणं आलं. घाईघाईने नवा कार्ब्युरेटर बसवला, नट आवळले, नळी-केबल जोडली, किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली.

"बॅटरी गेली!" मी निदान केलं. शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी मागून आणली. त्याने कण्हणं मोठ्याने झालं, एवढंच. मग प्लग पुसले. मग शेजारी, त्यांचा भाऊ आणि माझी बायको यांनी मिळून धक्का मारला. गाडी उतारावरून झकास गेली आणि शेजाऱ्यांच्याच कुंपणात शिरली.

"अहो, तुमच्या एका पायात मोजा कसा नाही?" धापा टाकत बायकोने विचारलं.

"इथे गाडी बंद आणि तुला मोज्याचं पडलंय!"

साडेतीनला सासरे आले ते मेकॅनिकला सोबत घेऊनच. म्हणजे विश्वास किती, बघा!

मेकॅनिकने किल्ली फिरवून कान दिला. "साहेब, हिला हवाच मिळत नाहीये."

त्याने चार नट काढले, नवा कार्ब्युरेटर उचलला, भोकात पक्कड घातली आणि माझा राखाडी मोजा सगळ्यांना नीट दिसेल असा हळूहळू बाहेर ओढला. सगळ्यांनी आधी मोज्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. खोटं कशाला सांगू, मला रडू यायचंच बाकी होतं.

कार्ब्युरेटर परत बसला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चार वाजायला दहा मिनिटं होती. सासरे गाडीत बसले. मेकॅनिकच्या हातातला मोजा त्यांनी मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला.

"जावईबापू, आत कचऱ्याचा एक कण गेला नाही. शाब्बास!"

गाडी गेली. मी मोजा घातला आणि शेजाऱ्यांचं कुंपण उभं करायला निघालो.