हजेरी क्रमांक सत्तावीसची समस्या

समस्येची नोंद झाली की ती सुटण्याची फारशी गरज उरत नाही, हे सत्य आपल्याकडच्या प्रत्येक कार्यालयाला पूर्वीपासून ठाऊक आहे. शाळांपर्यंत पोहोचायला त्याला जरा उशीर झाला. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत (नाव सांगत नाही, संस्थेचा तसा ठराव आहे) ते गेल्या दिवाळीनंतर पोहोचलं, आणि तेही जीपमधून.

परभणीच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्राचं एम. ए. करणाऱ्या सहा विद्यार्थ्यांनी आमच्या नववीला समुपदेशन द्यायचं ठरवलं. दर मंगळवारी यायचं, मुलांशी बोलायचं, फेब्रुवारीत अहवाल द्यायचा. प्रत्येकाला दहा केसेस बंधनकारक, म्हणजे एकूण साठ. आमच्या नववीचा पट एकसष्ट. या योगायोगात मला ईश्वरी संकेत दिसला, पण मुख्याध्यापक रामलिंग सरांची झोप उडाली.

"पाव्हणे परभणीहून येनार, आन् पोरं म्हणली आमाला काईच अडचण न्हाई, तर शाळेची काय इज्जत राहील?" ते म्हणाले.

मी संपर्क शिक्षक. मार्ग मीच काढला. हजेरी क्रमांकानुसार समस्यांचं वाटप केलं. १ ते १० परीक्षेची भीती, ११ ते २० एकाग्रतेचा अभाव, २१ ते ३० मोबाइलचं व्यसन, ३१ ते ४० राग, ४१ ते ५० न्यूनगंड आणि ५१ ते ६० 'इतर'. 'इतर'मध्ये काहीही बसत असल्यामुळे त्याला फार मागणी होती. संस्थेच्या संचालकांची मुलं आपोआप त्या क्रमांकांत सरकली.

एकसष्ट क्रमांकाच्या वाट्याला काहीच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई नर्मदाबाई शाळेत हजर.

"समद्याच्या लेकरांना प्रॉब्लेम दिला, माझ्याच लेकराला का न्हाई? आमी काय शाळेला परके हाव का?"

तिची रास्त तक्रार लक्षात घेऊन मुलाला नखं खाण्याची सवय मंजूर करण्यात आली (अहवालात न धरण्याच्या अटीवर).

समुपदेशन कक्ष म्हणून पोषण आहाराच्या तांदळाची खोली रिकामी केली (निम्मी). दाराला कडी नव्हती. तेव्हा गोपनीयता राखण्यासाठी पीटीचे सर छडी घेऊन दारात उभे राहत आणि आतलं बोलणं कुणी ऐकत नाही ना, याकडे कान देऊन लक्ष ठेवत. पोरांनीही मन लावून तयारी केली. क्रमांक ३४ हा आमच्या वर्गातला सर्वांत गरीब मुलगा, कुणी ढकललं तरी 'सॉरी सर' म्हणणारा. पण राग वाट्याला आल्यावर त्याने पंधरा दिवस सराव करून प्रयोगशाळेची काच फोडली. इतका प्रामाणिक विद्यार्थी मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

अडथळा आणला तो एकीनेच. क्रमांक २७, नाव पिंकी, वस्ती शाळेपासून सहा किलोमीटर. तिच्या वाट्याला मोबाइलचं व्यसन आलं होतं. समोर होती त्रिवेणी, एम. ए. द्वितीय वर्ष, हातात छापील तक्ता.

"रोज किती तास मोबाइल बघतेस?"

"म्याडम, आमच्या घरी एकच मोबाइल हाय, त्यो बी बटनाचा, आन् बाबाच्या खिशात असतो. माझी अडचण येगळी हाय. सकाळची बस दिवाळीपासून बंद झाली. मी चालत यायलेय. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या लय असत्यात, म्हणून बाबा भ्यायलाय. संक्रांतीपर्यंत बस चालू न्हाई झाली तर शाळा बंद करतो म्हणला."

त्रिवेणीने तक्ता दोनदा वाचला. बस कशातच बसत नव्हती. 'इतर'मध्ये बसली असती, पण 'इतर' भरलं होतं. शेवटी तिने नियमाप्रमाणे मोबाइलच्या व्यसनावरचा उपाय लिहिला: रोज मोकळ्या हवेत किमान चार किलोमीटर चालणे. पिंकी आधीच बारा चालत होती. 'लाभार्थीचा प्रतिसाद अपेक्षेच्या तिप्पट' अशी नोंद झाली, आणि ती हिशेबाने बरोबरच होती.

आता कुणी विचारेल, जीप त्याच रस्त्याने येत होती ना? येत होती. दर मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास ती पिंकीला मागे टाकून पुढे यायची. जीपमध्ये सहा विद्यार्थी, ड्रायव्हर सूर्यभान, आणि मागच्या बाकावर आडवा ठेवलेला बॅनर: 'एकही मूल मागे राहू नये'. एका मंगळवारी सूर्यभानने वेग कमी केला.

"म्याडम, घ्यावं का पोरीला? बॅनर उभा केला तर जागा हाय की."

त्रिवेणीने मार्गदर्शक सूचना काढल्या. कलम अकरा: समुपदेशकाने लाभार्थीला स्वतःच्या वाहनातून नेऊ नये, त्याने दोघांमधलं व्यावसायिक नातं बिघडतं. कलम स्पष्ट होतं आणि गुण अंतर्गत होते.

"पुढे चला," ती म्हणाली.

त्याच दिवशी तांदळाच्या खोलीत पिंकीने विचारलं, "म्याडम, तुमी मला रस्त्यात बघितलंत ना?"

त्रिवेणीचे डोळे भरून आले, हे दारातल्या पीटीच्या सरांनी स्वतः मला सांगितलं. मात्र लेखणी थांबली नाही. 'लाभार्थीची निरीक्षणशक्ती उत्तम,' तिने लिहिलं.

माझ्याबद्दल गैरसमज नको म्हणून सांगतो. मीही त्याच रस्त्याने मोटारसायकलवर येतो. पण पुरुष शिक्षकाने मुलीला मागे बसवलं तर गाव बोलतं, आणि नाही बसवलं तर गाव काही बोलत नाही. त्यामुळे निर्णय अवघड नव्हता. शिवाय मागे माझा डबा बांधलेला असतो.

संक्रांत झाली. बस आली नाही, पिंकीही आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे वडील बन्सीधर दाखला मागायला आले. प्रकल्पात पालकांचं प्रबोधनही होतं, तेव्हा रामलिंग सरांनी संधी साधून त्यांना खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि पाऊण तास सकारात्मक विचारांवर बोलले. बन्सीधरने सगळं ऐकून घेतलं.

"सर, मला सकारात्मक करायलाव, बरं हाय," ते डोळे न उघडता म्हणाले, "पन त्या बसचं काय?"

दाखला त्याच दिवशी दिला. आमच्याकडे कामं अडत नाहीत.

फेब्रुवारीत अहवाल आला. साठपैकी साठ मुलं सुधारली होती. त्यांच्या प्राध्यापकांना शंभर टक्के हा आकडा संशयास्पद वाटला, म्हणून क्रमांक ३४ला 'सुधारणा नाही' दाखवण्यात आलं. (हे खरंही होतं. त्याला रागाची गोडी लागली होती.) क्रमांक २७पुढे 'पूर्ण मुक्त' असा शेरा आहे, कारण वर्गात तिच्याकडून मोबाइलचा वापर आता अजिबात होत नाही. त्रिवेणीने बसचा विषय घालण्याचा हट्ट धरला, तो शिफारशींमध्ये शेवटी घेतला: 'वाहतूक व मनःस्वास्थ्य यांवर स्वतंत्र संशोधन व्हावे.' पुढच्या वर्षी सहा नवे विद्यार्थी त्यावर येत आहेत. जीप तीच आहे.

एवढं वाचून तुम्हाला आमचा राग आला असेल. येऊ द्या, ३१ ते ४०मध्ये तुमची सोय करता येईल. पण डिसेंबरातल्या त्या सकाळी बोरीकडून आमच्याच रस्त्याने जाताना पांढऱ्या कारची काच खाली करून फोटो काढणारे तुम्हीच होता, हे मला माहीत आहे. रस्त्याच्या कडेने डोक्याला रुमाल गुंडाळून, पाठीवर दप्तर घेऊन चाललेली ती मुलगी तुम्हाला फार आवडली. तुमच्या मागच्या सीटवर पेरूंची पिशवी होती, बाकी सीट मोकळी. फोटोला शेकडो लोकांनी हात जोडले, त्यात आमचे रामलिंग सर आणि मीही होतो. फोटो खरंच छान आला आहे. पिंकीने तुमच्या गाडीकडे बघून उंच केलेला हात त्यात स्पष्ट दिसतो. खाली तुम्ही लिहिलंय, 'शाळेत निघालेल्या चिमुकलीचा निरागस टाटा!'