जास्त ओरडेल तेच यंत्र

काशीरामकाका लोटे एमआयडीसीतल्या कंपनीतनं रिटायर होऊन गावी आला, आणि पहिल्या दोन महिन्यांत गंगाकाकीने त्याला एकच गोष्ट सांगितलीन. संडास बांधा. त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी मे महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. मुंबईला राहिलेली पोर. ती भरल्या दिवसांची, पावसात टमरेल घेऊन कातळावर जाणार काय?

काकाला पटलं. त्याने पैसे काढून आणलेन आणि निघाला गवंड्याकडे. वाटेत दाढी करायला बसला. न्हाव्याकडे पेपर होता आणि पेपरात जाहिरात होती: नाणी, जुन्या वस्तू, खोल पुरलेलं धन शोधायची यंत्रं, राजापूरला फक्त तीन दिवस.

आता काकाच्या घराण्यात एक हंडा होता. म्हणजे कुणी बघितला नव्हता, पण होता. पणजोबाने प्लेगच्या साली तो पुरलान, आणि कुठे पुरला ते सांगायच्या आधी स्वतःच गेला. (महत्त्वाचं तेवढं सांगायचं ठेवून जायचं, ही त्या घराण्याची रीतच हाय.)

यंत्रातलं कळणारा माणूस बरोबर हवा म्हणून काकाने ओमकारला घेतलंन. ओमकार काकाचा पुतण्या, वय सतरा, गणिताने दोनदा दहावीत अडवून धरलेला. बाप मुंबईला, आईही तिकडेच, म्हणून हा काकाकडे. वाडीत कुणाची कोंबडी निळी झाली, कुणाच्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा गेली, की लोक सरळ ओमकारकडे यायचे, आणि ते कधी चुकीच्या घरी आले असं झालं नाही. यंत्रातलं त्याला एवढंच कळायचं की त्याने एकदा रेडिओ उघडलान होता. त्यानंतर तो रेडिओ कुणी ऐकला नाही.

राजापूरला एसटी स्टँडासमोरच्या लॉजवर कोल्हापूरकडचा एक माणूस खाटेवर तीन यंत्रं मांडून बसला होता. लांब दांडी, खाली थाळी, वर पेटी.

"या पावणं. नाणी शोधायचीत, जुन्या वस्तू, का खोल हंडा?"

"हंडा," काका म्हणाला आणि उठून दाराला कडी लावून आला.

"मग हे पहिलं ऱ्हाऊ दे. हे वीतभर खोल बघतंय. हर्ण्याच्या किनाऱ्यावर वाळूत कुणाची नाणी पडली तर सापडतील, बास."

"आणि हे दुसरं?"

"हे लई तेज. बघा." त्याने बटण दाबलंन, आणि यंत्र असं केकाटलं की लॉजचा मालक खालनं धावत वर आला. खाट लोखंडी होती.

ओमकारचे डोळे चमकले. "तिसरं दाखवा."

"तिसरं जरा महाग हाय, पण माझं ऐकाल तर हेच घ्या. तुमच्याकडं जांभा दगड. जांभ्यात लोखंड असतंय. हे चक्र फिरवलं की जमिनीतलं लोखंड वजा हुतंय, मग यंत्र फक्त खऱ्या वस्तूलाच बोलतंय." त्याने ते फरशीवर सगळीकडे फिरवलंन. यंत्र गप्प.

"ह्ये तर ओरडतच नाय," ओमकार म्हणाला.

"खाली काय नाही म्हणून ओरडत नाही."

"पण ओरडलंच नाय तर हंडा हाय ते कळणार कसं?"

त्या माणसाने काकाकडे बघितलंन. काकाने अभिमानाने ओमकारकडे बघितलंन.

"पोरगा हुशार हाय," काका म्हणाला. "एक गणित तेवढं ऱ्हायलंय."

"अहो पण जांभ्याचं मी काय सांगतोय..."

"तुम्ही मुकं यंत्र आमच्या गळ्यात मारताय," ओमकार म्हणाला. "जास्त ओरडेल तेच द्या."

अशा तऱ्हेने संडास राजापूरच्या लॉजवर राहिला आणि यंत्र एसटीत बसून गावी आलं.

काकीने ते खालपासून वरपर्यंत बघितलंन. "ह्ये काय?"

"हंडा शोधायचं यंत्र."

"आणि ज्ञानूने काय करायचं? हंड्यात बसायचं?"

त्यानंतर ती नवऱ्याशी बोलायची थांबली. भाकरी वाढायची, ताट आपटायची, एवढंच. काका आठवडाभर परसात यंत्र घेऊन फिरला. घराभोवती काकाच्या बापाने शेतातली काळी माती आणून भर घातलीन होती, त्यामुळे यंत्र बऱ्यापैकी शहाण्यासारखं वागत होतं. त्याने एक खिळा, बैलाचा नाल आणि ज्ञानूची लहानपणी हरवलेली पळी एवढं शोधून काढलंन. पळी काकीने हिसकावून घेतलीन.

एका सकाळी ओमकारने बघितलंन, काकी न्हाणीच्या मागे एकटीच पावलं मोजत होती आणि मधेच पदराने डोळे टिपत होती.

"काय गो काकी?"

"खड्डा कुठे येईल ते बघत्ये. आठ फूट पायजे. वर दोन फूट माती, खाली जांभा. फोडायला कोण गडी तयार नाय, आणि द्यायला आता काय हाय माझ्याकडे? चिरे आणि संडासाचं भांडं मी काजूच्या पैशात कसंबसं आणीन. पण खड्डा?"

यंत्र कुणी निवडलं ते काकीला माहीत नव्हतं, आणि ते कळू नये असं ओमकारला अगदी मनापासून वाटत होतं.

"काकी, खड्डा काकाच खणेल."

"ते? त्यांना सांगून माझी जीभ झिजली."

"सांगायचं कशाला? यंत्र सांगेल. कुठे पायजे तेवढं दाखव."

माळ्यावर नांगराचा मोडका फाळ पडलेला होता. काका दुपारी घोरत असताना ओमकारने तो काकीने दाखवलेल्या जागी बरोबर दीड फुटावर पुरलान, वर माती चोपून सुकलेला पाला पसरलान. पुढचा बेतही तयार होता. फाळ निघाला की म्हणायचं, पूर्वीच्या लोकांची पद्धतच होती, वर फाळ आणि खाली हंडा. मग काका आठ फूट जातो की नाही बघा!

चहा पिऊन काका न्हाणीमागे आला. यंत्र केकाटलं. काका पाला उडवत खणायला लागला आणि ओमकार परसाच्या दगडी गडग्यावर बसून पाय हलवत बघत राहिला. (दुसरा खणत असताना बघण्यासारखं सुख नाही, असं त्याचं तेव्हा मत होतं.)

टण्ण! काकाने फाळ बाहेर काढलान, उलटासुलटा केलान, आणि त्याचा चेहरा पडला.

"हा आपलाच. गेल्या पावसात मोडला तो. हा हितं कसा आला?"

"काका, पूर्वीच्या लोकांची पद्धत..."

"गेल्या पावसात पूर्वीचे लोक कुठले रे?" काकाने फावडं टाकलंन. "माझंच चुकलं. पोरीच्या सोयीचे पैसे मी मातीत घातले." तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

काकीने ओमकारकडे बघितलंन. मग ती पण आत गेली.

ओमकार खड्ड्यात उतरला. दोन फुटांवर माती संपून तांबडा जांभा दिसायला लागला होता. रिकामपणी त्याने यंत्राचं बटण दाबलंन.

यंत्र केकाटलं.

फाळ शेजारीच पडलाय म्हणून असेल. त्याने फाळ उचललान, फणसाच्या पलीकडे फेकून आला आणि परत बटण दाबलंन. यंत्र आणखी जोरात केकाटलं.

वरचा फाळ ओमकारने ठेवलान होता. पण खालचं त्याने ठेवलेलं नव्हतं! म्हणजे पणजोबाचा हंडा, घरापासून आठ पावलांवर, न्हाणीमागे! काकाला सांगावं म्हणून तो दोन पावलं गेला आणि थांबला. काकाने तर नाद सोडलान होता. झोपलेल्या माणसाला उठवू नये. हंड्यातनं एक मोटारसायकल, एक गॉगल, आणि दहावीतनं कायमची सुटका. काकीला एखादी नथ देऊ.

"काकी," तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "तू अजिबात काळजी करू नको. तुझा खड्डा मी खणतो."

"तू?"

"ज्ञानूताईसाठी."

काकीच्या हातातली रॉकेलची चिमणी पडता पडता राहिली.

पुढचे बारा दिवस ओमकारने पहार आणि टिकाव खाली ठेवलान नाही. जांभा वरनं दिसायला भुसभुशीत, पण फोडायला बसलं की आपलीच हाडं सैल करतो. हाताला फोड आले, फोड फुटले, त्यावर परत फोड आले. रोज सगळे जेवायला गेले की तो यंत्र खाली सोडून बघायचा आणि यंत्र रोज अंग मोडून केकाटायचं. चार फुटांवर केकाटलं. सहा फुटांवर तर थांबेचना.

वाडीत बातमी पसरली. शेजारची हौसाआजी कोकमाचं सरबत घेऊन आली आणि खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाली, "मेल्या, माझ्या कोंबडीला नीळ लावलीस तेव्हा मी तुला काय काय शिव्या घातल्या! पोरा, माफ कर हां." दुकानातल्या फोनवर मुंबईहून आईचा फोन आला. ती बोललीच नाही, नुसती रडली. काका उठून टिकाव घ्यायला आला तर ओमकार घाबरून ओरडला, "तू नको! तू खाली उतरू नको! तुझी कंबर!" काकाचे डोळे भरून आले.

तेराव्या दिवशी बाबू गवंडी टेप घेऊन आला. "आठ फूट दोन इंच. झक्कास. ये वर."

"अजून चार फूट," खड्ड्यातनं आवाज आला.

"कशाला रे?"

"असू दे!"

काकी काठावर आली. "चार फूट कशाला? ज्ञानू काय बारा वर्षं ऱ्हाणार हाय? चल वर."

"मी येत नाय!"

काकीने बाबूला चहा प्यायला पाठवलंन. मग ती वाकून हळू आवाजात म्हणाली, "ओमकार, खरं सांग."

ओमकारला रडूच फुटलं. "काकी, खाली हंडा हाय गो! देवाशपथ! मी फाळ लांब टाकला तरी ओरडतंय!"

"वर ये. तुला दाखवत्ये."

तो शिडीवरनं वर आला. काकीने यंत्र उचललंन, बटण दाबलंन आणि थाळी घराच्या भिंतीला टेकवलीन. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, गिलावा न केलेली. यंत्र केकाटलं. तिने ते गडग्याला लावलंन. केकाटलं. न्हाणीतल्या धुण्याच्या दगडाला लावलंन. तिथे तर त्याने सूर धरलान.

ओमकारला लॉजवरचा कोल्हापूरकर आठवला, त्याचं चक्र आठवलं, आणि त्याने खाली बसून घेतलंन.

"तुला कधीपासून माहीत?"

"तू 'ज्ञानूताईसाठी' म्हणालास ना, त्याच रात्री. म्हटलं, ह्या पोराला काय चावलं? तू झोपल्यावर यंत्र घेऊन फिरले."

"मग मला सांगितलं का नाय?"

"अरे, तू एवढा मनापासून खणत होतास!"

मेच्या मध्यावर ज्ञानेश्वरी आली तेव्हा संडासाला दारसुद्धा लागलं होतं. जूनमध्ये, ऐन पावसात, तिला मुलगी झाली. काकी काकाशी बोलायला लागली. हंड्याचं काकीने कुणाला सांगितलंन नाही, आणि ओमकार तर कशाला सांगतोय.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचांनी ओमकारला पुढे बोलावून शाल आणि नारळ दिलानी. चुलत बहिणीसाठी एकट्याने कातळ फोडणारा असा निःस्वार्थी तरुण तालुक्यात शोधून सापडणार नाही, म्हणाले. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात काकीने वाजवल्यान. ओमकारने पहिल्यांदाच मान खाली घातलीन, त्यामुळे लोकांना तो नम्र पण वाटला.

"आणि म्हणून," सरपंच माईक सरसावून म्हणाले, "पावसाळा संपला की शाळेच्या संडासाचा खड्डा ओमकारच खणणार हाय. बिनमोबदला. फक्त आठ फुटांवर भागणार नाय हां ओमकार, पोरं एकशेवीस हायत."